बाळे वाचली, माता मागे राहिल्या
दोन महायुद्धांमधील इंग्लंडची माता-बालकल्याण सेवा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९१८ साली माता व बालकल्याण कायदा संमत झाला. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी सेवा उभारण्याचा अधिकार त्यामुळे स्थानिक संस्थांना मिळाला. अधिकार मिळाला, सक्ती मात्र नव्हती. साहजिकच, आईच्या पदरी काय पडणार हे ती कोणत्या गावात राहते यावर ठरू लागले. सेवा सुरू करणाऱ्या संस्थेने समिती नेमावी व तीत किमान दोन स्त्रिया असाव्यात, ही अट त्या काळी थोडीथोडकी नव्हती.

बाळाच्या जन्माची खबर ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला देणे १९१५ पासून सर्वत्र बंधनकारक होते. खबर पोहोचली की आरोग्यसेविका घरी येई; अंगावरचे दूध, आंघोळ, स्वच्छता यांविषयी चार गोष्टी सांगे. पुढे आई बाळाला घेऊन शिशुकल्याण केंद्रात जाई. तेथे वजन होई, सल्ला मिळे, गरजूंना दूध स्वस्तात किंवा मोफत मिळे. यांतील कितीतरी केंद्रे आधी स्वयंसेवी मंडळींनीच चालवली होती. उपचार मात्र तेथे सहसा होत नसत.

१९१८ साली हजार जन्मांमागे सुमारे ९७ बालके वर्षाच्या आत दगावत. १९३८ साली हा आकडा ५३ च्या आसपास आला. याचे सारे श्रेय केंद्रांना देता येणार नाही. लहान कुटुंबे आणि सुधारलेले राहणीमान यांचाही त्यात वाटा होता.

मातांचे काय? हजार जन्मांमागे चारांहून अधिक माता १९३४ सालीही मृत्युमुखी पडत होत्या. डॉ. जॅनेट कॅम्पबेल यांनी १९२४ च्या सरकारी अहवालात याकडे लक्ष वेधले होते. सूतिकाज्वर हे मोठे कारण; दुसरे कारण पैशाचे. १९११ च्या आरोग्य विम्यात कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या पत्नीला मिळत नसे. तिला बाळंतपणाचे ३० शिलिंग तेवढे मिळत. अडलेल्या बाळंतिणीसाठी सुईणीने डॉक्टर बोलावला, तर त्याची फी १९१८ पासून स्थानिक संस्था देई, पण ती कुटुंबाकडून वसूलही करू शके.

१९३६ च्या कायद्याने पगारी सुईणींची सेवा पुरवणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात डॉ. लेनर्ड कोलब्रूक यांनी सल्फा गटातील औषध सूतिकाज्वरावर गुणकारी ठरत असल्याचे दाखवले, आणि मृत्यू झपाट्याने घटू लागले. सामान्य कामगाराच्या पत्नीला विनामूल्य डॉक्टर मिळाला तो मात्र १९४८ साली, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर.