जोडीतली एकटी

सोसायटीच्या आवारात संध्याकाळी जाळी लागते तेव्हा एकेरी कोणी खेळत नाही. माणसे आठ-दहा आणि जाळी एक, म्हणजे दोन विरुद्ध दोन खेळायचे आणि हरलेल्या जोडीने बाहेर बसायचे. आपल्यापैकी बहुतेकांना बॅडमिंटन ठाऊक आहे ते असे, दुहेरीचे. आणि तरी खेळाडूंची नावे विचारली, की तोंडी येतात ती नाटेकर, पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू. जागतिक अजिंक्यपदाच्या पाच किताबांपैकी तीन दुहेरीचे असतात. थॉमस आणि उबर या जागतिक सांघिक करंडकांच्या पाच लढतींतल्या दोन दुहेरीच्या. पण आपल्याकडे दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय, अशी समजूत वर्षानुवर्षे होती. या समजुतीशी जिने वीस वर्षे उभा दावा मांडला, त्या ज्वाला गुट्टाच्या कारकिर्दीचा हा आढावा.

ज्वालाचा जन्म ७ सप्टेंबर १९८३ चा, आपल्या वर्ध्याचा. आई येलान चिनी. ती १९७७ मध्ये आपल्या आजोबांबरोबर सेवाग्रामला आली आणि पुढे क्रांती गुट्टा या तेलुगू गृहस्थाशी लग्न करून इथेच राहिली. गांधींच्या ओढीने आलेल्या चिनी कुटुंबातली पणती भारताची दुहेरीची पहिली मोठी खेळाडू झाली. वर्ध्याने या गोष्टीचा फारसा गाजावाजा केलेला नाही. अर्थात मुलगी वाढली हैदराबादमध्ये आणि खेळ शिकली तो तिथल्या एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली.

सतराव्या वर्षी, २००० मध्ये, ती राष्ट्रीय कनिष्ठ विजेती झाली. या टप्प्यावर आपल्याकडची मुले एकेरीला चिकटतात, कारण नाव, नोकरी आणि पुरस्कर्ते तिकडेच असतात. ज्वाला दुहेरीकडे वळली. श्रुती कुरियनबरोबर तिने २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सात वर्षे एकच जोडी देशात अजिंक्य राहते, हे त्या जोडीचे कौतुक खरेच. पण देशात दुसरी जोडी घडवायला कोणी बसलेच नव्हते, हेही त्यातून दिसते.

दुहेरी हा एकेरीचा धाकटा भाऊ नव्हे, निराळाच खेळ आहे. कोर्ट सतरा फुटांऐवजी वीस फूट रुंद, पण सर्व्हिसची मागची रेषा अडीच फूट आत. त्यामुळे एकेरीसारखी उंच, लांब सर्व्हिस केली की समोरचा ती ठोकून काढतो. सर्व्हिस जाळीला घासून जाईल इतकी ठेंगणी लागते आणि पहिल्या तीन-चार फटक्यांतच डाव कोणाच्या हातात गेला ते कळते. हल्ला करताना एकजण जाळीपाशी, दुसरा मागे. बचावाला दोघे शेजारी-शेजारी. ही जागांची अदलाबदल न बोलता, न बघता व्हावी लागते. मागच्याने स्मॅश मारून जी कमकुवत परतफेड मिळवायची, ती पुढच्याने संपवायची. टाळ्या पडतात त्या स्मॅशला. पुढचा हात मात्र जाणकारालाच दिसतो.

ज्वाला त्या पुढच्या हाताची खेळाडू, आणि डावखुरी. शटलची पिसे एकाच दिशेने एकमेकांवर बसवलेली असतात. त्यामुळे डावखुऱ्याने कापून मारलेले फूल उजव्या हाताच्या फटक्यांना सरावलेल्या डोळ्यांना चकवते. धावपळीत ती कधीच विजेसारखी नव्हती, आणि टीकाकार तेवढ्यावर बोट ठेवत. पण जाळीपाशी फुलाची वाट ओळखणे हे पायांपेक्षा डोक्याचे काम आहे. तिने नियमांचा बदलही अंगावर घेतला. २००६ पर्यंत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे आणि दुहेरीत प्रत्येक बाजूला दोन सर्व्हिसचा आधार असे. त्या वर्षी एकवीस गुणांची नवी पद्धत आली आणि प्रत्येक चूक थेट गुणफलकावर चढू लागली. अनेकांची लय तिथे मोडली. हिची खरी कमाई त्यानंतरची.

मिश्र दुहेरीत व्ही. दिजूबरोबर २००९ मध्ये तिने चायनीज तैपेईची ग्रांप्री गोल्ड स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ही जोडी सुपर सीरिजच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात आली. महिला दुहेरीत तोवर अश्विनी पोनप्पा तिच्या जोडीला आली होती. कोडगूच्या घरातली ही मुलगी मागून सणसणीत स्मॅश मारायची. मागे अश्विनी, पुढे ज्वाला. उजवी आणि डावी. स्वभावही तसेच. एक मोजके बोलणारी, दुसरी मनात आलेले लगेच बोलून मोकळी.

दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत या दोघींनी सिंगापूरच्या जोडीला हरवून सुवर्ण मिळवले. भारताची सुवर्णपदके झाली ३८, इंग्लंडची ३७, आणि त्या एका पदकाने भारत दुसरा आला. हे एक पदक सायनाचे, असे सगळ्यांच्या लक्षात आहे. साध्या बेरजेने पाहिले तर ज्वाला-अश्विनीचे पदक वजा केले तरी तो एकचा फरक उरत नाही.

पुढच्या ऑगस्टात, लंडनच्या वेम्बलीत, त्यांनी जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवले. उपांत्य फेरीत त्या चीनच्या तियान छिंग आणि चाओ युनलेई यांच्याकडून हरल्या. वर्षभराने ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती हीच जोडी. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या ब्राँझनंतर अठ्ठावीस वर्षांनी भारताला जागतिक पदक मिळाले, आणि ते एकेरीत नव्हे, दुहेरीत.

याच वेम्बलीत २०१२ च्या ऑलिंपिकचे बॅडमिंटन झाले. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन प्रकारांत पात्र ठरलेली ज्वाला भारताची पहिली बॅडमिंटनपटू. मिश्रमध्ये हाती काही लागले नाही. महिला दुहेरीत ज्वाला-अश्विनी जपानकडून हरल्या, पण त्यांनी तैपेई आणि सिंगापूर यांना हरवले. गटात तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले. शेवटी एका गुणाच्या फरकाने जपान पुढे गेले आणि या बाहेर पडल्या. जपानी जोडी तैपेईकडून ज्या पद्धतीने हरली, त्यावर भारताने आक्षेप घेतला. तो टिकला नाही. त्याच स्पर्धेत, सोयीची सोडत मिळावी म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, बाद ठरल्या. पुढच्या ऑलिंपिकपासून दुहेरीची सोडत गटसाखळी संपल्यावर काढू लागले. नियम सुधारला, पण या दोघींना त्याचा काही उपयोग नव्हता.

मैदानाबाहेरची लढाई २०१३ ची. इंडियन बॅडमिंटन लीगच्या पहिल्या लिलावात ज्वाला आणि अश्विनी यांची पायाभूत किंमत ५० हजार डॉलर ठरली होती. लिलावाच्या तोंडावर महिला दुहेरी हा प्रकारच स्पर्धेतून काढला गेला आणि दोघींच्या किमती निम्म्यावर आल्या. अश्विनी पुण्याच्या संघाकडे गेली ती २५ हजारांत; ज्वाला दिल्लीकडे ३१ हजारांत. ज्वाला चिडली आणि ते तिने जाहीर बोलून दाखवले. पुढे लीगमधल्या एका सामन्याच्या वादावरून राष्ट्रीय संघटनेच्या शिस्तपालन समितीने तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस केली. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि दिलासा घेऊन कोर्टवर परतली. तिचे प्रत्येक बोलणे मला पटते असे नाही. तोल सुटायचा, कधीकधी नको तिथे सुटायचा. पण गप्प राहून दुहेरीला परदेशी प्रशिक्षक मिळाला असता, असे मात्र वाटत नाही.

त्यानंतरही २०१४ चे राष्ट्रकुल रौप्य, त्याच वर्षी उबर करंडकातले ब्राँझ, २०१५ मध्ये कॅनडा ओपनचे विजेतेपद. रिओला २०१६ मध्ये गटातले तिन्ही सामने गेले. जोडी तिथे संपली.

एकेरीचा खेळाडू निवृत्त होतो. दुहेरीत जोडी निवृत्त होते आणि उरलेल्याला नवा हात शोधावा लागतो. अश्विनीने तो शोधला, आधी सिक्की रेड्डीत, मग मूळच्या गोव्याच्या तनिषा क्रॅस्टोत, आणि तनिषाबरोबर ती २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळली. ज्वालाने हैदराबादजवळ अकादमी काढली.

दुहेरीला मिळालेला तो परदेशी प्रशिक्षक म्हणजे मलेशियाचे टॅन किम हर. दोघेही मागून ठोकणारे, म्हणून जोडी जमणार नाही असे वाटणाऱ्या दोन मुलांना त्यांनी एकत्र उभे केले. एक अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी, दुसरा मुंबईचा चिराग शेट्टी. चिराग जाळीपाशी यायला शिकला. मग २०२२ चा थॉमस करंडक, पुढच्या वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण आणि क्रमवारीत पहिला क्रमांक. थॉमस करंडकाच्या अंतिम लढतीत इंडोनेशियाविरुद्ध या जोडीने मॅचपॉइंट वाचवून सामना काढला.

जुलै २०२४ मध्ये क्रिकेटचा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या संघाला महाराष्ट्र सरकारने अकरा कोटी रुपये जाहीर केले आणि मुंबईच्या चार खेळाडूंचा विधानभवनात सत्कार झाला. तेव्हा चिरागने जाहीर विचारले, थॉमस करंडक हाही विश्वचषकच. त्या संघात महाराष्ट्राचा मी एकटा होतो, मग माझी आठवण कशी झाली नाही?