झेडएफएसमधील चेकसम त्रुटी

झेडएफएस या फाइल प्रणालीत डिस्कवरून वाचलेल्या डेटाचा चेकसम आधी नोंदवलेल्या चेकसमशी जुळला नाही, तर त्यास चेकसम त्रुटी म्हणतात. डेटा बदलला आहे, एवढेच या त्रुटीवरून कळते. तो कोठे व कशामुळे बदलला हे कळत नाही. त्यामुळे डिस्क बदलण्यापूर्वी कारण शोधणे आवश्यक असते.

कार्यपद्धती

झेडएफएसचा विकास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत २००१ मध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अ‍ॅरन्स व सहकाऱ्यांनी सुरू केला. तिचा स्रोत २००५ मध्ये ओपनसोलारिस प्रकल्पातून खुला झाला.

या प्रणालीत प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकसोबत नव्हे, तर त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये साठवला जातो. त्यामुळे डिस्कने डेटा भलत्याच जागी लिहिला किंवा न लिहिताच लिहिल्याचे कळवले, तरी वाचताना विसंगती उघड होते. मिरर किंवा रेड-झेड रचनेत उरलेल्या प्रतीवरून अथवा पॅरिटीवरून योग्य डेटा मिळवून खराब ब्लॉक दुरुस्त केला जातो. अशी सोय नसल्यास चुकीचा डेटा देण्याऐवजी प्रणाली वाचन-त्रुटी कळवते.

निदान

'झेडपूल स्टेटस -व्ही' हा आदेश प्रत्येक डिस्कच्या वाचन, लेखन व चेकसम त्रुटींची संख्या आणि कायमची हानी झालेल्या फाइलींची यादी दाखवतो.

* एकाच डिस्कवर त्रुटी असल्यास ती डिस्क किंवा तिची केबल सदोष असण्याची शक्यता अधिक असते. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत सीआरसी त्रुटी वाढत असल्यास केबल वा जोडणी तपासावी. खराब सेक्टर वाढत असल्यास दोष बहुधा डिस्कमध्येच असतो.
* अनेक डिस्कवर एकाच वेळी त्रुटी आल्यास कंट्रोलर, वीजपुरवठा व रॅम या सामाईक भागांची तपासणी करावी.

निराकरण

प्रथम वाचता येणारा डेटा दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावा; मात्र पूर्वीच्या सुस्थितीतील बॅकअपवर तो लिहू नये. रॅमविषयी शंका असल्यास तिची चाचणी आधी करावी. सदोष भाग बदलल्यानंतर (डिस्कसाठी 'झेडपूल रिप्लेस') 'झेडपूल स्क्रब' चालवावा. हा आदेश साठवलेला सर्व डेटा वाचून पडताळतो. यादीतील फाइली बॅकअपमधून परत आणाव्या लागतात.

'झेडपूल क्लिअर' केवळ त्रुटींची संख्या शून्यावर आणतो. त्याने डेटा दुरुस्त होत नाही. त्यानंतरच्या स्क्रबमध्ये नवी त्रुटी न आढळणे, हीच दोष दूर झाल्याची खूण मानली जाते.

मर्यादा

चेकसम काढण्यापूर्वीच रॅममध्ये डेटा बदलला, तर चुकीच्या डेटाचाच चेकसम नोंदवला जातो व त्रुटी दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या डेटासाठी ईसीसी रॅम व स्वतंत्र बॅकअप यांची शिफारस केली जाते.