पोर्तुगीज भाषकांसाठी आरोग्य व कुटुंबविषयक प्रश्नावल्यांचे रूपांतर

आरोग्य, जीवनमान किंवा कौटुंबिक संबंध मोजण्यासाठी अन्य भाषेत रचलेली प्रश्नावली पोर्तुगीजमध्ये आणणे आणि ती पोर्तुगीज भाषकांच्या बाबतीतही तीच गोष्ट मोजते की नाही हे तपासणे, या दुहेरी प्रक्रियेला प्रश्नावलीचे रूपांतर व वैधता-पडताळणी असे म्हणतात. अशा बहुतेक प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत तयार झाल्या. ब्राझील व पोर्तुगाल या देशांत त्यांच्या रूपांतराच्या कामाला १९९० च्या दशकात विशेष गती आली. बाळंतिणीला नैराश्य आले आहे का, वृद्धाला स्मृतिभ्रंश जडला आहे का, अशा प्रश्नांचा प्राथमिक कौल या गुणांवरून घेतला जात असल्यामुळे रूपांतरातील चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही. निरोगी माणसाला रुग्ण ठरवणे किंवा रुग्णाला निरोगी म्हणून घरी पाठवणे, असा तिचा परिणाम होतो.

कार्यपद्धती

गिलेमिन, बॉम्बार्डिए व बीटन यांनी १९९३ साली मांडलेली आणि बीटन व सहकाऱ्यांनी २००० साली अधिक तपशिलाने दिलेली पद्धती सर्वाधिक प्रचलित आहे. तीनुसार दोन अनुवादक स्वतंत्रपणे भाषांतर करतात. दोन्ही मसुद्यांचा मेळ घातल्यावर मूळ प्रश्नावली न पाहिलेले दुसरे दोन अनुवादक ते पुन्हा मूळ भाषेत नेतात. यास उलट भाषांतर म्हणतात. त्यानंतर तज्ज्ञांची समिती अंतिम मसुदा ठरवते आणि तो ३० ते ४० व्यक्तींवर वापरून पाहिला जातो.

उलट भाषांतरावर मात्र फार विसंबता येत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेले बोजड भाषांतर परत नेताना मूळ वाक्याशी हुबेहूब जुळते, तर सहज आणि बोलीला धरून केलेले भाषांतर थोडे वेगळे होऊन परतते. म्हणजे ही कसोटी कधीकधी वाईट भाषांतराच्याच पदरात अधिक गुण टाकते. म्हणून सामान्य व्यक्तीला प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे विचारणे हा टप्पा अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

एक भाषा, दोन रूपांतरे

पोर्तुगीजच्या लेखनपद्धतीत एकसूत्रता आणण्याचा करार १९९० साली झाला. परंतु शुद्धलेखन एक झाल्याने बोलणे एक होत नाही. ‘रापारीगा’ हा शब्द पोर्तुगालमध्ये साध्या ‘मुली’साठी वापरतात, तर ब्राझीलच्या ईशान्य भागात तो शिवीसारखा लागतो. ब्राझीलमध्ये ‘वोसे’ हे नेहमीचे संबोधन आहे. पोर्तुगालमध्ये तेच अनेकांना खटकते आणि तेथे सर्वनाम गाळून केवळ क्रियापदाच्या रूपातून आदर दाखवला जातो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे एकाच प्रश्नावलीची दोन्ही देशांत बहुधा स्वतंत्र रूपांतरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान प्रश्नावलीचे ब्राझीलमधील काम पोर्तो आलेग्रे येथे, तर पोर्तुगालमधील काम कोइंब्रा येथे झाले.

शब्दांपलीकडचे बदल

‘एसएफ-३६’ या ३६ प्रश्नांच्या आरोग्य-प्रश्नावलीचे ब्राझीलमधील रूपांतर १९९९ साली प्रसिद्ध झाले. मूळ इंग्रजीत मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर चालवणे, बोलिंग आणि गोल्फ ही कामे व खेळ दिलेले आहेत. गोल्फचे भाषांतर कोणीही करील, पण तो ज्याने कधी खेळलाच नाही त्या रुग्णाने काय उत्तर द्यावे? ब्राझीलच्या रूपांतरात गोल्फ व बोलिंगच्या जागी चेंडू खेळणे आणि घर झाडणे आले, मैलाऐवजी किलोमीटर आला.

याहून बोलके उदाहरण ‘मिनी-मेंटल’ चाचणीचे आहे. फोल्स्टीन व सहकाऱ्यांनी १९७५ साली रचलेल्या या ३० गुणांच्या चाचणीत एक इंग्रजी वाक्प्रयोग जसाच्या तसा म्हणून दाखवायचा असतो. त्याचा अर्थ गौण असून उच्चाराची कसरत महत्त्वाची आहे. म्हणून अर्थ सोडून दिला गेला. ब्राझीलमध्ये ‘इथे नाही, तिथे नाही, पलीकडेही नाही’ अशा अर्थाचे ‘नें आकी, नें आली, नें ला’ हे शब्द घेतले. पोर्तुगालमध्ये ‘उंदराने बूच कुरतडले’ या अर्थाचे, ‘र’काराने भरलेले वाक्य आले. आपल्याकडच्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’च्याच जातीचा हा प्रकार. मूळ चाचणीत चालू ऋतू कोणता, असा प्रश्न आहे. तो पोर्तुगालने कायम ठेवला. ब्राझीलमध्ये १९९४ च्या रूपांतरात त्याच्या जागी ‘साधारण किती वाजले असतील?’ हा प्रश्न आहे.

गुणांची सीमारेषा

प्रश्न जुळले तरी मूळची सीमारेषा जुळतेच असे नाही. मिनी-मेंटलमध्ये सामान्यतः २४ पेक्षा कमी गुण शंकास्पद मानले जातात. बेर्तोलुची व सहकाऱ्यांच्या १९९४ च्या ब्राझीलमधील अभ्यासात मात्र निरक्षरांसाठी १३, आठ वर्षांपर्यंत शाळा शिकलेल्यांसाठी १८ आणि त्याहून अधिक शिकलेल्यांसाठी २६ अशा वेगवेगळ्या रेषा सुचवल्या गेल्या. पोर्तुगालमध्ये त्याच सुमारास ठरलेल्या रेषा निरक्षरांसाठी १५, अकरा वर्षांपर्यंत शिकलेल्यांसाठी २२ व त्यापुढे २७ अशा आहेत. वाचन, लेखन आणि वजाबाकी यांवर गुण देणारी चाचणी शाळेत न गेलेल्या धडधाकट शेतकऱ्यालाही स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठरवू शकते. येथे दोष त्याच्या बुद्धीचा नसून मापाचा असतो, आणि या सर्व खटाटोपाचे प्रयोजन हेच आहे.

एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी (१९८७) दहा प्रश्नांची असून तिचे कमाल गुण ३० आहेत. तिच्यातील एका इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ ‘गोष्टी माझ्या अंगावर चढत आहेत’ असा निघतो. ब्राझीलच्या रूपांतरात तेथे रोजच्या कामांच्या ओझ्याखाली दबून गेल्याचा भाव आणलेला आहे. पेलोतास शहरातील मातांची उत्तरे मानसिक आरोग्य तज्ज्ञांच्या मुलाखतींशी ताडून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्राथमिक चाळणीसाठी १० गुणांची रेषा सुचवली. रेषा खाली घेतली की आजारी माता सुटत नाहीत, पण निरोगी माताही अधिक संख्येने संशयित ठरतात.

कुटुंबविषयक प्रश्नावल्या

या प्रश्नावल्यांत नात्यांचे शब्दच घोटाळा करतात. पोर्तुगीज ‘पाइस’ म्हणजे ‘वडील’ या शब्दाचे अनेकवचन, आणि आई-वडील दोघेही. ‘फिल्यूस’ म्हणजे मुलगे, आणि मुलगे-मुली मिळूनही. इंग्रजीतील आई-वडिलांसाठीच्या शब्दासारखा दिसणारा ‘पारेंतेस’ हा शब्द नातेवाइकांसाठी आहे. घटक-कुटुंबाला पोर्तुगालमध्ये ‘आग्रेगादो फामिलिआर’ म्हणतात; ब्राझीलमध्ये ‘आग्रेगादो’ म्हणजे नाते नसताना कुटुंबाच्या आश्रयाने राहणारी व्यक्ती. स्मिल्कस्टीन यांची १९७८ ची ‘फॅमिली अपगार’ ही केवळ पाच प्रश्नांची, दहा गुणांची प्रश्नावली पोर्तुगीजमध्ये वापरली जाते. ती कुटुंबाकडून मिळणाऱ्या मदतीबद्दलचे समाधान विचारते. परंतु उत्तर देणाऱ्याच्या मनातील ‘कुटुंब’ कोणते, त्यात धर्ममाता-धर्मपिता येतात की नाही, हे आधी स्पष्ट केले नाही तर गुणांची तुलना व्यर्थ ठरते.

आफ्रिकेतील पोर्तुगीज

अंगोला, मोझांबिक आदी देशांत पोर्तुगीज ही राजभाषा आहे. मोझांबिकमध्ये मात्र बहुसंख्यांची मातृभाषा एखादी बांटू भाषा असते आणि पोर्तुगीज ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा असते. म्हणून ‘पीएचक्यू-९’ या नैराश्यविषयक प्रश्नावलीची ब्राझीलमध्ये पडताळणी झालेली असतानाही मोझांबिकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ती स्वतंत्रपणे करण्यात आली.