पांढरीचा नळ आणि काळीचे पाणी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी रस्ते, नळ आणि बंधारे असा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु शासकीय योजना गावात प्रथम येते ती शब्दांच्या रूपाने; खडी आणि पाइप मागाहून येतात. तो शब्द गावाला उमगला नाही, तर पुढे आलेल्या वस्तूवरही गावाचा हक्क बसत नाही. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा म्हणजे मराठी मुलखाची सातपुड्याला टेकलेली किनार. बाहेरच्या लोकांना पांढुर्णे ठाऊक असते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरते. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आपला सारा व्यवहार नागपूरशी होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. बाजार, सोयरीक आणि इस्पितळ एका बाजूला व कचेरी दुसऱ्या बाजूला, अशी आपली स्थिती तेव्हापासून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कचेरी तरी जवळ आली.

ग्रामीण बांधकामांचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न या प्रांतात फार लवकर विचारला गेला. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने झालेल्या १९४८ च्या कायद्याने तहसील हा घटक धरून जनपद सभा स्थापन झाल्या. महाराष्ट्रात ज्याला पंचायत समिती म्हणतात, त्याला आपल्याकडे आजही जनपद पंचायत म्हणतात. हा शब्द त्या जुन्या प्रयोगाची आठवण करून देतो. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ साली ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, आणि अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषयांत ग्रामीण रस्ते व पिण्याचे पाणी नावानिशी आले.

रस्त्यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण रस्ता डोळ्यांना दिसतो. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेडी डांबरी रस्त्याने जोडली, हे मोठेच काम झाले. या योजनेतील रस्त्याची पाच वर्षांची देखभाल मूळ कंत्राटातच धरलेली असते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. खड्डा पडला की लोक सरपंचावर चिडतात, आणि ज्याची जबाबदारी तो कंत्राटदार निश्चिंत राहतो. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी २०१५ साली बंद होऊन तिच्या जागी रुंद रूळ आले. तिच्याविषयी हळहळणारे मी पुष्कळ पाहिले. पण संत्र्याच्या पेट्या हळहळीने बाजारात पोहोचत नाहीत.

खरा गुंता पाण्याचा आहे. आपल्या जुन्या मराठीत गावाचे दोन भाग मानतात: वस्ती ती पांढरी आणि शेतजमीन ती काळी. शासन नळ देते तो पांढरीला, परंतु त्या नळाचे पाणी येते काळीच्या पोटातून. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देण्याचे ठरवले. २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. दोन हजार वस्तीच्या गावाला या मापाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते.

आता काळीकडे पाहू. संत्र्याची झाडे सहा मीटर अंतराने लावली, तर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. हिशेबासाठी भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज शंभर लिटर पाणी धरले, तर एका हेक्टरला २७,७०० लिटर झाले. म्हणजे चार हेक्टरांचा, आपल्या भाषेत दहा एकरांचा बगीचा साऱ्या गावाच्या नळाएवढे पाणी पितो. ज्याने आंबिया बहार धरला आहे, त्याला फळ टिकवण्यासाठी चैत्र-वैशाखात पाणी द्यावेच लागते. मृग बहारवाला त्या सुमारास झाडांना ताणावर सोडतो. नळ कोरडा पडण्याचे दिवस आणि आंबियाच्या तहानेचे दिवस एकच असतात. यात बागाईतदाराला दोषी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याचे कर्ज त्या फळावरच फिटते.

यात भर पडते ती खडकाची. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी दख्खनचा काळा पाषाण आहे. (सौंसरच्या नावाने भूशास्त्रात खडकांचा एक वेगळा गट प्रसिद्ध आहे, मँगनीजसाठी त्याची ख्याती. पण तो विषय वेगळा.) काळ्या पाषाणात पाणी वाळूसारखे सर्वत्र साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत राहते. भेग लागली तर बोअर चालते, नाहीतर धूळ निघते. आणखी खोल गेल्याने पाणी मिळेलच असे नाही, आणि खोल भेगेत पाणी मिळाले तरी ते पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून बोअरची पाणी देण्याची क्षमता पावसाळ्यानंतर नव्हे, तर मे महिन्यात तपासली पाहिजे. नाल्यावरचा स्टॉपडॅम आणि पाझर तलाव ही नळयोजनेचीच अंगे मानली पाहिजेत. टाकीचे उद्घाटन होते, भेगेचे होत नाही. त्यामुळे पैसा टाकीकडे लवकर वळतो.

योजना टिकवण्याचे काम कागदोपत्री गावाकडेच आहे. गावातील पाणी समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि गावांतर्गत कामाच्या खर्चाचा सामान्यतः दहा टक्के वाटा लोकांनी उचलावा, असे मिशनचे दंडक आहेत. पण ज्या स्त्रिया घरी आणि पाणवठ्यावर मराठीत बोलतात, त्यांच्यापुढे ‘जलस्रोत की स्थिरता’ आणि ‘संधारण’ अशा शब्दांनी भरलेला ठराव वाचला जातो आणि त्या अंगठा किंवा सही देऊन उठतात. हिंदी आपल्याला परकी नाही. माझा आक्षेप हिंदीला नसून कचेरीच्या हिंदीला आहे. कचेरीची मराठीही तितकीच दुर्बोध असते, हे नागपूरकर सांगतील.

येथे दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. घटनेच्या ३५० व्या कलमान्वये कोणाही व्यक्तीला तक्रारनिवारणाचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठी ही या राज्यात बोलली जाणारी, लिहिली जाणारी भाषा आहे. दुसरे, केंद्र शासनाच्या १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकविषयक निवेदनात असे सुचवले आहे की, तालुक्यासारख्या घटकात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात. छिंदवाड्याच्या विस्तीर्ण जिल्ह्यात मराठी एका कोपऱ्यात होती. पांढुर्णा जिल्ह्यात ती कोपऱ्यात नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत नळयोजनेचा विषय निघाला, की सचिवांना मराठीत तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत: बोअरची चाचणी कोणत्या महिन्यात झाली, त्याच्या आसपास नव्या बोअरला कोण परवानगी देतो, आणि मोटर जळाल्यास ती दुरुस्त करण्याचा पैसा कोणत्या खात्यात आहे.