कर्करोग संशोधनाचे पदवीस्तरीय प्रशिक्षण
पदवीच्या विद्यार्थ्यांना पेशीसंवर्धन, सूक्ष्मदर्शन, डीएनए-विश्लेषण यांसारख्या प्रयोगतंत्रांची ओळख करून देणे, हा कर्करोग संशोधनाच्या प्रशिक्षणाचा पाया आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील विज्ञान महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी टाटा मेमोरियल सेंटरची खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही जवळची प्रमुख संशोधन संस्था होय. ठाणे–पनवेल लोकलने तेथे पोहोचता येते. परळ येथे १९५२ साली स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र ही तिची पूर्वपीठिका. त्या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारणाऱ्या कमल रणदिवे यांनी पदवीला वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले होते. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यामुळे सर्वसाधारण विज्ञान पदवीही या क्षेत्राची पहिली पायरी ठरू शकते. मात्र स्वतंत्र संशोधनासाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण, प्रवेशपरीक्षा व पीएच.डी. हे टप्पे सामान्यतः ओलांडावे लागतात.