बचावपटू असून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला, पण त्याचा घात त्याच्याच एजंटने केला

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, आपल्या खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. पण कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं तरी लोक बर्फावरचीच हॉकी समजतात. पायात स्केट्स आणि चेंडूच्या जागी पक नावाची रबरी चकती.

या खेळात एका संघाचे सहा जण बर्फावर असतात. एक गोलकीपर, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. डिफेन्समनचं काम ठरलेलं. समोरच्याला अडवायचं, पक फॉरवर्डकडे द्यायचा आणि आपण मागे थांबायचं. गोल करणं हे त्याचं काम नाहीच.

हे गणित बदलणाऱ्या माणसाचं नाव बॉबी ऑर.

1948 साली ओंटारियोतल्या पॅरी साऊंड या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. 14 व्या वर्षी तो ओशावा जनरल्सकडून आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पोरांविरुद्ध खेळत होता. 1966 साली, 18 व्या वर्षी, तो बोस्टन ब्रुइन्सकडून एनएचएलमध्ये उतरला. त्या सिझनला ब्रुइन्स सहा संघांत सहावे आले, पण सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला बॉबी ऑर.

त्याचं वेगळेपण काय होतं? तर तो पक दुसऱ्याला देऊन थांबायचा नाही. स्वतःच घेऊन थेट समोरच्या गोलपर्यंत जायचा. पक हातचा गेला, तर परत येऊन बचाव करण्याइतका वेग त्याच्या पायात होता.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आइस हॉकीत गोल आणि गोलसाठी दिलेला पास, दोन्हीला एक-एक पॉइंट मिळतो. 1970 आणि 1975 साली ऑर पॉइंट्समध्ये लीगमध्ये पहिला आला. आजवर दुसऱ्या एकाही डिफेन्समनला हे जमलेलं नाही. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तर त्याने सलग आठ वेळा जिंकली.

10 मे 1970 ला फायनलच्या ओव्हरटाइममध्ये त्याने गोल मारला आणि बोस्टनला 29 वर्षांनी स्टॅनले कप मिळाला. गोल होताच हात पसरून हवेत झेपावलेल्या ऑरचा फोटो हॉकीतला सगळ्यात गाजलेला फोटो समजला जातो.

पण गाडी अडली ती डाव्या गुडघ्यावर. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळलेली नव्हती. गुडघा उघडायचा, फाटलेली कूर्चा काढायची आणि खेळाडूला परत बर्फावर पाठवायचं. अशी डझनभर ऑपरेशन्स झाली आणि शेवटी हाडावर हाड घासायला लागलं.

त्यातच 1976 साली त्याचा करार संपला. त्याचा एजंट होता ॲलन ईगलसन. हाच माणूस खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता. ब्रुइन्सने ऑरला क्लबमध्ये 18.5 टक्के मालकी देऊ केली होती. ऑरच्या म्हणण्यानुसार, ही ऑफर ईगलसनने त्याला कधी सांगितलीच नाही. बोस्टनला आपण नको आहोत असं समजून तो शिकागोला गेला.

तिथे तो फक्त 26 मॅच खेळला. खेळत नसताना पैसे कसले घ्यायचे, म्हणून शिकागोच्या पगाराचे चेक त्याने वटवले नाहीत. 1978 साली, वयाच्या 30 व्या वर्षी, तो निवृत्त झाला. ईगलसनवर विश्वास टाकून हिशोब त्याच्याकडे सोपवले होते, ते तपासल्यावर हातात जवळजवळ काहीच उरलं नसल्याचं कळलं.

1998 साली ईगलसनने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्याला 18 महिन्यांची शिक्षा झाली. त्याला हॉल ऑफ फेममधून काढलं नाही, तर आम्ही बाहेर पडतो, असं ऑरसकट अनेक दिग्गजांनी बजावलं. शेवटी ईगलसनलाच राजीनामा द्यावा लागला.

आणि ऑरने पुढे काय केलं? तो स्वतःच खेळाडूंचा एजंट झाला. आपल्याला जे कोणी समजावून सांगितलं नाही, ते नव्या पोरांना सांगण्याचं काम त्याने हातात घेतलं.