मामाचं टक्कल

आमच्या भालकी-बसवकल्याणाकडं एखाद्या पोराचे केस उतरायला लागले की पारावर पंचायत भरते, कुणी बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष देतं, कुणी हेल्मेटला, कुणी नव्या साबणाला, आणि कोपऱ्यातली एखादी म्हातारी पोराच्या कपाळाकडं निरखून बघत म्हणते, "मामावर गेलंय लेकरू." म्हातारीचं अर्धं बोलणं खरं आहे. उरलेलं अर्धं मी सांगतो, जरा टेका.

गावच्या न्हाव्याला ही गंमत रोज दिसते. टाळू उघडी पडलेली, पण कानामागं आणि मानेवर केस दाट, आणि दाढी तर अशी की वस्तरा पुन्हा पुन्हा पाजळावा लागतो. माणूस एक, रक्त एक, मग वर ओसाड आणि खाली रान कसं माजतं?

याचा धागा खोज्यांपासून धरू. बिदरच्या किल्ल्यात बहामनी सुलतान नांदत होते तेव्हा जनानखान्यावर खोजे राखण करीत. वयात येण्याआधीच खच्ची केलेल्या अशा माणसांना टक्कल पडत नाही, हे तिकडं ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या जुन्या वचनांत दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदलेलं होतं. पण त्याची नीट झडती घ्यायला १९४२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टननं, ज्यांच्या अंगात पुरुषी रस तयारच होत नव्हता अशांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचेच केस मागं सरले. बाकीच्यांना काही झालं नाही. औषध बंद केलं की टक्कल पुढं सरकायचंही थांबलं. म्हणजे रसही पाहिजे आणि घराणंही पाहिजे, नुसत्या एकानं भागत नाही.

अंगातलं एक विकर या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचा त्याहून जालीम रस करतं. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. टाळूच्या मुळांना डीएचटी लागला की वाढीचा काळ दर खेपेला आखडत जातो. केस आधी वीतभर, मग बोटभर, आणि शेवटी उन्हात तिरपं बघितल्याशिवाय न दिसणारी लव. आणि हाच डीएचटी हनुवटीवरच्या लवेला मात्र राठ दाढी करून सोडतो! कलबुर्गीच्या काळ्या रानात दोन वाणांची तूर शेजारीशेजारी पेरा. पाऊस एकच, पण एकीला मर लागते आणि दुसरी शेंगांनी लवते, तसा हा मुळाच्या वाणाचा खेळ. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइकनं डोक्यामागची मुळं काढून पुढं लावली, तर ती पुढंही मागच्यासारखीच तग धरून राहिली, हे त्यानं १९५९ साली छापलं.

दोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या गावात ते विकरच जन्मतः कमी असलेली काही घराणी आहेत. १९७४ साली त्यांची हकीकत छापून आली. तिथल्या त्या पुरुषांना दाढी जेमतेम आणि टक्कल नाहीच. त्यांच्यावरून धडा घेऊन विकर अडवणारं औषध निघालं, आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ते केसांसाठीही मंजूर झालं.

आता मामाकडं येऊ. डीएचटीला केसाच्या मुळात थारा देणाऱ्या ग्राहीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि पोराला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. म्हणून म्हातारी मामाकडं बोट दाखवते. पण २००८ साली विसाव्या गुणसूत्रावरही एक जागा सापडली, ती बापाकडूनही येते, आणि पुढं तर अशा शेकडो जागा निघाल्या. त्यात आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत. बापाचा मामा तोच पोराच्या आईचा बाप, म्हणजे बाप मामावर गेला आणि पोरगं आज्यावर गेलं असं दोन तोंडांनी म्हणतात, आणि दोघं बोट दाखवतात ते एकाच टकलाकडं.

तेव्हा सोयरीक जमवताना नवरदेवाची टोपी काढायला लावणाऱ्या सासऱ्यानं आधी आपलं डोकं चाचपावं. त्याचं एकुलतं एक्स प्रत्येक लेकीला जातंच जातं, आणि तिच्या पोटी आलेल्या नातवाला त्यावरचा तो जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. नातू टकलू निघाला, तर जावयाला बोल लावण्याआधी हा हिशेब करा म्हणजे झालं.